देवचाराला दिलेला कनेक्टर

परवा नातसुनेनं इस्त्रीची वायर उपटली आणि किटलीला खुपसली. मी ओरडलो, "अगं, ती तिची नव्हे!" ती हसली. म्हणाली, "आजोबा, आता सगळ्यांना सगळ्यांची बसते." हे मला कळत नाही असं नाही. चाळीस वर्षं मी विजेवरच पोट भरलं. पण ते बघितलं की डोक्यात तिडीक जाते. ज्यांच्यावर काढायची ती माणसं आता उरली नाहीत, म्हणून ती नातसुनेवर निघते. ती बिचारी मुकाट्यानं चहा ठेवून जाते.

ही गोष्ट एकोणीसशे एकतीस सालची. मी तेव्हा गोव्याच्या हद्दीजवळच्या गुंदच्या जंगलात एका लाकूड कंपनीच्या करवतीच्या गिरणीवर मिस्त्री होतो. मूळचे आम्ही खानापूरकडचे. गिरणीच्या वाफेच्या इंजिनावर एक डायनामो बसवला होता आणि त्याच्यावर मॅनेजरच्या बंगल्यात आठ दिवे लागायचे. आसपासच्या पंधरा कोसांत वीज काय ती तेवढीच. त्यामुळं गोपाळ मिस्त्री म्हटलं की माणसं वाटेतून बाजूला व्हायची, आणि मलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

मॅनेजर रामचंद्रराव बेळगावचे. वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. घाबरट माणूस तुमच्यासमोर मान डोलावतो आणि तुमची पाठ वळली की कागद लिहितो.

दसऱ्याच्या आधी कंपनीचे मोठे साहेब मुंबईहून येणार होते. त्यांनी आपल्या आधी एक विजेची किटली पुढं पाठवली. मुंबईच्या दुकानातून थेट पेटी. साहेबांना म्हणे टेबलावर, आपल्या डोळ्यांसमोर उकळलेलं पाणी लागायचं. पेटी रेल्वेनं कॅसलरॉकला उतरली आणि तिथून परशूच्या डोक्यावरून निघाली.

परशू दिग्गीचा कुणबी. कॅसलरॉक ते गुंद ही दोन दिवसांची पायवाट, मधला मुक्काम दिग्गीला. कंपनीचं अर्धं सामान त्याच्याच डोक्यावरून आलेलं. डायनामोचं चाकसुद्धा त्यानं आणि त्याच्या भावकीनं बांबूला वेलींनी बांधून आणलं होतं, एक ओरखडा नाही. त्याच्या बदल्यात कंपनीनं आपल्या हद्दीत त्याला एक तुकडा भातासाठी वापरू दिला होता. तोंडी परवानगी, कागदावर काही नाही. कंपनीनं म्हटलं ऊठ, की उठायचं.

पेटी मीच उघडली. भाताच्या पेंढ्यात किटली होती, चकचकीत, आरसाच. वायरीचं वेटोळं होतं. कनेक्टर नव्हता.

कनेक्टर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. किटलीच्या मागं दोन पितळी पिना असतात. वायर वेगळी येते. वायरीच्या टोकाला भाजलेल्या मातीचा एक काळा तुकडा बसवायचा, त्याला दोन भोकं. ती भोकं पिनांवर दाबली की वीज किटलीत जाते. आता ठीक आहे, कुठलाही कनेक्टर आणा. त्या काळी ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. कोणाच्या पिना जाड, कोणाच्या चपट्या, कोणाच्या दूरदूर, कोणाच्या जवळजवळ. एकीचा तुकडा दुसरीला लावणं म्हणजे शेजाऱ्याची किल्ली आपल्या कुलपात फिरवणं. हरवला तर पत्र लिहा मुंबईला आणि बसा महिनाभर.

साहेब पाच दिवसांवर आले होते.

मी वायरीची तार पिनांना नुसती गुंडाळून बघितली. किटली गुरगुरायला लागली. मला वाटलं, जमलं. इतक्यात फाडकन ठिणगी उडाली, बंगल्यातले दिवे गेले, आणि रामचंद्ररावांच्या पत्नी सुमनबाई किंचाळून भिंतीला जाऊन लागल्या. त्या दिवशी ठरलं, तिचा तुकडा मिळाल्याशिवाय किटलीला हात लावायचा नाही. रामचंद्ररावांनी पेटीतला छापील कागद काढला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: किटली एक, वायर एक, किटलीला बसणारा कनेक्टर एक.

"कागदात आहे आणि पेटीत नाही," ते म्हणाले. "बोलवा त्या परशूला."

परशू अजून गुंदलाच होता. तो आला, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. मी विचारलं, "परशू, पेटीत एक काळा तुकडा होता. एवढा. दोन भोकांचा."

"व्हय," तो लगेच म्हणाला. "फळ्यांच्या फटीतनं दिसत हुतं, पेंढ्यात. त्ये काळं बोंडूक न्हवं? त्ये म्या देवचाराला दिलं."

दिग्गीच्या जरा पलीकडं, कॅसलरॉकच्या बाजूला, एक खिंड आहे. तिथं चिंचेच्या खोडाएवढ्या जाड वेलीखाली एक उभा दगड, तो देवचार. त्या वाटेचा राखणदार. ओझं घेऊन जाणाऱ्यानं ओझ्यातलं चिमूटभर त्याच्यापुढं ठेवायचं. मीठ असलं तर मीठ, तांदूळ असले तर मूठभर, कापड असलं तर एक दोरा. न ठेवता गेलं तर म्हणे ओझं वाटेत जड होतं आणि वाघ माग धरतो. डायनामोच्या वेळी परशूनं चाकाचं वंगण बोटावर घेऊन दगडाला लावलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. चार वर्षं मी त्याची थट्टा करत आलो होतो.

"किटलीचं काय द्येऊ?" परशू मला समजावून सांगत होता, माझंच काही चुकलंय असं. "लोकंड मोडून देता येत न्हाई. दोरी दिली तर दोरी तोकडी पडंल. त्ये बोंडूक तेवढं सुटं हुतं, कशाला चिकटल्यालं न्हवतं. सगळ्यांत ल्हान. म्हटलं त्येच्याबिगर काय अडत न्हाई."

आणि सगळं त्याच्याचबिगर अडलं होतं. मी कपाळाला हात लावला.

"खोटं बोलतोय," रामचंद्रराव मला बाजूला घेऊन म्हणाले. "देवाला कोणी विजेचं सामान वाहतं का?"

"हा वाहतो," मी म्हटलं. "दोन दिवस द्या, मी त्याच्याबरोबर जाऊन घेऊन येतो."

त्यांनी नखं खाल्ली, खिडकीतून बघितलं, आणि म्हणाले, "आला तर ठीक. नाही आला तर मला साहेबांना काहीतरी लिहून द्यावं लागेल, मिस्त्री. आणि चोरी लिहिली की परशूला दिग्गीत ठेवता येणार नाही." हे ते परशूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

वाटेत परशू एकदाच म्हणाला, "दिल्यालं कसं घ्यायचं, मिस्त्री?"

"मी घेतो," मी म्हटलं. "तू हात लावू नकोस."

"तुमी घ्या न्हाईतर म्या. वझं माझंच हुतं."

संध्याकाळी त्याच्या घरी पोचलो. मुलगी तुळजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा सरत आलेला. ती भिंतीला टेकून बसली होती आणि बापाचं तोंड बघून काही विचारायची तिची हिंमत होईना. परशूची बायको रुक्मा मात्र उभ्या उभ्या सगळं ऐकून घेत होती. मागच्या दारातून भाताचा तुकडा दिसत होता. हिरवागार, दाण्यात नुकतं दूध भरत होतं.

"देवचाराचं उचललं की त्यो घरातलं एक उचलतोय म्हणत्यात," ती म्हणाली. ती तुळजाकडं बघत नव्हती, पण आम्हा सगळ्यांना कळलं. मग बराच वेळ तिनं चुलीत लाकडं सारली. शेवटी म्हणाली, "भात उभं हाय. हितनं उठवलं तर पोरीला घिऊन जायाचं कुठं? कोंबडा न्या. बदल्यात द्या, हात जोडून सांगा, आन् कौल लावा. त्येनं दिलं तरच घ्या."

सकाळी आम्ही खिंडीत. तुकडा तिथंच होता, मिठाच्या खड्यांत आणि सुकल्या पानांत, काळाभोर. परशूनं दगड धुतला, कोंबडा दिला, आणि ओल्या दगडावर दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर ने, डावं पडलं तर नको. हात जोडून तो पुटपुटत बसला: येड्यावानी दिलं, बापा, मला ठावं न्हवतं, माझ्या पोरीकडं बघू नगं.

फूल पडेना. ना उजवं, ना डावं. ऊन दगडावर आलं, फुलं दगडाला वाळून बसली. परशूनं पुन्हा पाणी शिंपडलं, नवी फुलं लावली. तीही पडेनात. मी कधी सावलीकडं बघायचो, कधी फुलांकडं. अंधार पडायच्या आत गुंद गाठायचं तर निघायला हवं होतं. माझा स्वभाव तुम्हांला कळलाच असेल. मी उठलो, पुढं झालो आणि तुकडा उचलला.

"चल," म्हटलं. "देव काही बोलत नाही म्हणजे त्याचं काही म्हणणं नाही."

परशू ताडकन उठला. मला वाटलं, मारतोय आता. त्यानं माझी मूठ उघडली, तुकडा आपल्या हातात घेतला आणि दगडाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "म्या घेतला! परशूनं घेतला!" मग माझ्याकडं वळून हळू बोलला, "तुमच्या घरात ल्हान पोरं हाईत, मिस्त्री."

त्या घटकेला मला लाज वाटली, पण तीही पुरती नाही. मनात मी कनेक्टर वायरीला जोडत होतो.

बंगल्यात दिवे लागले होते तेव्हा आम्ही पोचलो. परशू बाहेर बसला. मी तिथंच उभ्या उभ्या तुकडा उघडला, वायरीची टोकं आत बसवली, स्क्रू आवळले आणि किटलीच्या पिनांवर धरून दाबला.

एक पीन आत गेली. दुसरी भोकाच्या काठाला अडली.

फिरवून दाबला. तेच. तांदळाच्या दाण्याएवढा फरक. दोन्ही पिना गोल, दोन्ही भोकं गोल, जाडी तीच, फक्त पिनांमधलं अंतर दाण्याएवढं जास्त. मी वाकून किटलीचं बूड बघितलं, तिथं जहाजाचा छाप. तुकडा उलटा केला, त्याच्यावर चांदणीचा छाप. आणि मला आनंद झाला! खरंच सांगतो, मी जवळजवळ नाचलो.

"रावसाहेब, हा दुसऱ्याच कंपनीचा! दुकानानंच चुकीचा घातला पेटीत! परशूनं नेला असता, नसता नेला, किटली चालणारच नव्हती! हे बघा, जहाज. हे बघा, चांदणी."

रामचंद्ररावांनी जहाज बघितलं, चांदणी बघितली. त्यांचा चेहरा मोकळा झाला. मला वाटलं, सुटलो.

"म्हणजे हा त्या पेटीतला नव्हेच," ते म्हणाले. "खरा विकून टाकला आणि कुठल्यातरी बंगल्यातला हा उचलून आणला."

"कुठल्या बंगल्यातला? इथं दुसरी वीज आहे कुठं?"

"ते मला काय माहीत? तो कॅसलरॉकला जातो, स्टेशन आहे, पलीकडं गोवा आहे. कागदात काय लिहिलंय? किटलीला बसणारा. हा बसतो का? तुम्हीच सांगा."

"नाही बसत."

"झालं तर."

मी भांडलो. आवाज चढवला. पत्र लिहून दुकानाला विचारा म्हटलं. ते म्हणाले, लिहितो की. आणि लिहिलंही, बिचाऱ्यानं त्याच दिवशी लिहिलं. पण उत्तर यायला महिना, आणि साहेब परवा. साहेबांना काहीतरी दाखवायला हवं होतं. त्यांनी कागद केला आणि माझ्यापुढं सरकवला. त्यात परशू चोर असं माझ्या तोंडी घातलं नव्हतं. एवढंच होतं की पेटी उघडली तेव्हा कनेक्टर नव्हता, आणि परशूनं आणून दिलेला तुकडा किटलीचा नव्हे. दोन्ही वाक्यं खरी. मी चार वेळा वाचली. खोटं एक अक्षर सापडलं असतं तर मी तो कागद फाडला असता. मी सही केली.

बाहेर परशूला मी सांगितलं. त्याला जहाज-चांदणी काही कळलं नाही. जमीन जाणार एवढं कळलं. तो म्हणाला, "मंजे त्यो तुकडा तुमचा न्हाई?"

"नाही."

"मग देवचाराचा त्येला परत द्या. म्या जाऊन ठिवतो. पोरीचं दीस भरत आल्यात."

मी आत गेलो. रामचंद्ररावांनी तुकडा सुतळीनं कागदाला बांधलाही होता. "पुरावा आहे," ते म्हणाले. "वरच्या कचेरीत जाणार. मला हात लावता येत नाही आता."

बाहेर येऊन मी परशूला म्हटलं, "बघतो मी. मिळवून देतो."

"तेवढं बगा," तो म्हणाला. जमिनीबद्दल त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही.

साहेब आले. सुमनबाईंनी चुलीवर पाणी उकळून चहा दिला. साहेब तीन कप प्याले, छान म्हणाले, लाकडाचे ढीग बघितले आणि तिसऱ्या दिवशी गेले. किटलीचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. कागद मात्र त्यांच्या पेटीतून वर गेला, आणि आठ दिवसांत हुकूम खाली आला. परशूनं महिन्याच्या आत जागा सोडावी. भात तेव्हा कापायला आलं नव्हतं.

मुंबईचं पत्र आलं ते त्यानंतर. दुकानदारानं फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. नजरचुकीनं दुसऱ्या बनावटीचा कनेक्टर पेटीत गेला, दिलगिरी आहे, योग्य तो सोबत पाठवत आहोत. मी तो वायरीला जोडला आणि दाबला. टक् करून बसला. पाणी सळसळायला लागलं. रामचंद्रराव बाजूला उभे होते. किटलीच्या तोंडातून वाफ आली.

"आता लिहा वर," मी म्हटलं.

"लिहितो," ते म्हणाले. आणि लिहिलं. उत्तर आलं की जागेचा निकाल झालेला आहे, पुन्हा उघडता येत नाही. तुकडा तरी परत पाठवा, म्हणून मी त्यांच्याकडून आणखी एक पत्र लिहून घेतलं. त्याचंही उत्तर आलं: कागद आहे, त्याला सुतळी आहे, तुकडा आढळत नाही.

मी दिग्गीला गेलो. परशूच्या दाराला काटे लावलेले होते. त्याच्या भावकीतला लखू भेटला. म्हणाला, "समदी गेली गोव्याच्या अंगाला. तुळजा चालत न्हवती, डोलीत घातली हुती. पुढचं कोणाला ठावं न्हाई." भाताच्या तुकड्यात गवे शिरून गेले होते. चिखलात खुरांचे खड्डे आणि खड्ड्यांत पाणी.

"कोणाकडनं कळलं तर सांग," मी म्हटलं.

"कोणाकडनं कळनार?" लखू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यात गेलो, स्क्रू सोडवले, आणि खरा कनेक्टर, बसणारा, जहाजाच्या छापाचा, खिशात घातला. खिंडीत जाऊन देवचाराच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, ह्याच्या जागी हा घे. उचलला होता मी. परशूनं नुसता माझ्या हातातून घेतला. फुलं बरोबर नेली होती, पण कौल लावला नाही. उत्तर ऐकायची छाती झाली नाही.

परत आलो तर रामचंद्रराव किटली हातात घेऊन उभे. "मिस्त्री, कनेक्टर कुठंय?"

"देवचाराला दिला," मी म्हटलं.

मी वाट बघत होतो. मग ते हसले, आतून सुमनबाईंना हाक मारून सांगितलं आणि दोघंही हसली. "तुम्ही पण ना, मिस्त्री," ते म्हणाले, आणि मुंबईला दुसऱ्या कनेक्टरसाठी पत्र लिहायला बसले.

त्यांनी मला बोलावून माझ्याही नावाचा चोरीचा कागद पुढं सरकवावा म्हणून मी त्या दिवशी वाट बघितली, दुसऱ्या दिवशी बघितली, त्या आठवड्यात बघितली. कोणी बोलावलं नाही. महिन्यानं पेटी आली. ह्या वेळीही कनेक्टर पहिल्याच झटक्यात बसला. सुमनबाईंनी त्या किटलीतला पहिला चहा माझ्यासाठी बाहेर पाठवला.

परशू जिथं बसायचा तिथं उंबऱ्याबाहेर बसून मी तो प्यालो.